शंभर अंशांवर अडकलेला लॅपटॉप आणि स्लॅबखालची खोली

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या २३ वर्षांच्या एका तरुणीचे पत्र आले आहे. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी हप्त्यांवर घेऊन दिलेल्या गेमिंग लॅपटॉपवर ती दिवसा एका इंटिरिअर डिझायनरसाठी घरांची थ्रीडी चित्रे तयार करते आणि संध्याकाळी गेम खेळते. तिची खोली वरच्या मजल्यावर, थेट गच्चीच्या स्लॅबखाली आहे. एप्रिलच्या मध्यापासून प्रोसेसरचे तापमान १०० अंशांवर आणि ग्राफिक्स कार्डचे ८७ अंशांवर जाऊन थांबते, काम अडखळते, आणि अलीकडे भर दुपारी लॅपटॉप दोनदा आपोआप बंद पडला. पुण्यातील आतेभावाकडे नेमके हेच मॉडेल असून त्याचा प्रोसेसर ८२ अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे आपल्याच वाट्याला सदोष यंत्र आले, अशी तिची खात्री झाली आहे. बर्डीवरील (सीताबर्डी बाजारातील) एका दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच ‘मदरबोर्ड जाण्याच्या बेतात आहे, आताच विकून टाका’ असे सांगितले, तर वडिलांच्या मते सगळा दोष गेमचा आहे. हा लॅपटॉप विकून कर्जावर नवा घ्यावा का, तोवर तो कूलरसमोर ठेवून चालवावा का, आणि बॅटरीचा स्फोट होण्याची भीती कितपत खरी आहे, असे तीन प्रश्न तिने विचारले आहेत.

सल्ला :

तुमच्या पत्रात प्रोसेसरचे तापमान आहे, ग्राफिक्स कार्डचे आहे, आतेभावाच्या लॅपटॉपचेही आहे. एकच तापमान त्यात कोठे नाही, ते म्हणजे तुमच्या खोलीचे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या न लिहिलेल्या आकड्यात आहे, म्हणून विकण्याचा किंवा कर्ज काढण्याचा विचार करण्यापूर्वी भिंतीवर टांगतात तसला एक साधा तापमापक आणावा आणि तो टेबलावर, लॅपटॉपमधून बाहेर पडणारी गरम हवा लागणार नाही अशा बाजूला ठेवावा, अशी माझी पहिली विनंती आहे.

याचे कारण असे की लॅपटॉपचा पंखा थंडावा निर्माण करत नाही. तो खोलीतील हवा खालून ओढतो, तांब्याच्या नळ्यांना जोडलेल्या बारीक पात्यांमधून ती फिरवतो आणि चिपची, म्हणजे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डची, उष्णता घेऊन ती हवा बाजूने किंवा मागून बाहेर टाकतो. त्यामुळे चिपचे तापमान नेहमी ‘खोलीचे तापमान अधिक काही अंश’ असेच राहते. काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच तापते. आतेभाऊ पुण्यात रात्री, समजा २७ अंशांच्या खोलीत खेळत असेल, तर त्याचा प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी वर आहे. त्याचाच लॅपटॉप उचलून ४१ अंशांच्या खोलीत ठेवला, तर तोच ५५ अंशांचा फरक त्याला ९६ वर नेऊन ठेवील. त्यात तीन वर्षांची धूळ मिळवली की शंभरी दूर राहत नाही. म्हणजे तुमचे यंत्र सदोष आहे हे आजच्या माहितीवरून सिद्ध होत नाही. ते निर्दोष आहे असेही मी म्हणत नाही.

नागपूरच्या मे महिन्याबद्दल तुम्हाला वेगळे सांगण्याची गरज नाही. येथील सरासरी कमाल तापमानच या महिन्यात ४२ अंशांच्या पुढे असते आणि २३ मे २०१३ रोजी तर ते ४७.९ अंशांवर गेले होते. पण हे आकडे सावलीतील, खेळत्या हवेतील असतात. स्लॅबखालच्या खोलीचा हिशोब निराळा आहे. दिवसभर ऊन प्यालेला काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडू लागतो आणि मध्यरात्र उलटली तरी सोडतच राहतो, म्हणून बाहेर झुळूक सुटलेली असतानाही वरच्या मजल्यावरची खोली भट्टीसारखी वाटते. तुमची गेम खेळण्याची वेळ नेमकी तीच आहे. याउलट, बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी खोलीचे कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते. ती ओळ आपण कोणी वाचत नाही; पण कंपनीकडे तक्रार न्यायची ठरवलीत तर समोरचा माणूस बहुधा तीच ओळ दाखवील, हे ध्यानात असू द्या.

आकडा कोठे आणि कशाने मोजला, हे पाहण्याची सवय नागपूरकरांना तरी असायला हवी. मे २०२४ च्या अखेरीस येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर त्याची चर्चा झाली. मागाहून हवामान खात्याने ते सेन्सरच्या बिघाडामुळे झाल्याचे स्पष्ट केले.

आता त्या १०० अंशांकडे वळू. तुम्ही त्याकडे ‘यंत्र इतके तापले’ अशा अर्थाने पाहता आहात. प्रत्यक्षात लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसरांसाठी कंपनीने ठरवलेली ही कमाल मर्यादा आहे. इंटेलच्या बऱ्याच चिपांसाठी ती १०० आहे, तर एएमडीच्या अनेक चिपांसाठी ९५ ते १०० च्या दरम्यान. तेथे पोहोचताच चिप स्वतःचा वेग कमी करून तापमान आणखी वाढू देत नाही. तुमचे काम अडखळते ते यामुळेच. ग्राफिक्स कार्डही ८७ च्या आसपास हेच करते. शंभर किलोपर्यंतच मोजणाऱ्या वजनकाट्यावर पोते ठेवले आणि काटा शेवटच्या रेषेला टेकला, तर पोते १०१ किलोचे आहे की १४० चे, हे त्या काट्यावरून कळत नाही. तुमचे १०० अंश तसेच आहेत. किरकोळ धूळ असली तरी ते १०० दिसतील आणि एक पंखा पूर्ण बंद पडलेला असला तरी १०० च दिसतील. खरी स्थिती कळण्यासाठी तापमानाच्या जोडीला चिप किती वॅट वीज घेत आहे, हे पाहावे लागते. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये तापमान, वॅट आणि बहुतेक मॉडेलांत पंख्याचे फेरेही एकाच पडद्यावर दिसतात.

त्यावरून एक सोपी चाचणी करता येते. आई-वडिलांच्या खोलीत एसी असेल तर तेथे, नसल्यास पहाटे पाचच्या सुमारास खालच्या मजल्यावर, लॅपटॉप टणक टेबलावर ठेवून नेहमीचा गेम किंवा नेहमीचे एखादे रेंडर (थ्रीडी चित्र तयार करण्याचे काम) अर्धा तास चालवा आणि खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान व वॅट हे तिन्ही लिहून ठेवा. मग दुपारी आपल्या खोलीत तेच काम, त्याच सेटिंगवर चालवून पुन्हा लिहा. गार खोलीत प्रोसेसर ८५-९० च्या आत राहिला आणि वॅटही जास्त मिळाले, तर तुमचे यंत्र धडधाकट असून दोष खोलीचा आहे. २६-२७ अंशांच्या खोलीतही तो काही मिनिटांत १०० ला टेकला आणि वॅट झपाट्याने खाली आले, तर उष्णता बाहेर पडण्याची वाट कोठेतरी अडली आहे आणि लॅपटॉप उघडलाच पाहिजे. जमल्यास आतेभावालाही हेच तीन आकडे मागा, कारण वॅट आणि खोलीचे तापमान माहीत नसताना त्याच्या ८२ शी केलेली तुलना निरर्थक आहे.

दोनदा आपोआप बंद पडण्याची गोष्ट मात्र मी हलक्यावर घेणार नाही. उष्णतेमुळे वेग कमी होणे ही ठरवून दिलेली सोय आहे. एकदम काळोख होणे ही सोय नव्हे. त्यामागे पंखा अडकणे, चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पूर्ण वाळून जाणे अशी कारणे असू शकतात, आणि एक कारण असे आहे ज्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते : ॲडॅप्टर. गेमिंग लॅपटॉपचा तो विटेएवढा ॲडॅप्टर स्वतःही चांगलाच तापतो आणि गादीवर, उशीखाली किंवा उन्हाच्या खिडकीत पडलेला असेल तर काही वेळा स्वसंरक्षणासाठी वीज तोडतो. मग सगळा भार बॅटरीवर येतो, आणि तीन वर्षांची थकलेली बॅटरी तो पेलू शकली नाही तर लॅपटॉप जागीच बंद होतो. पुढच्या वेळी असे घडण्याआधी पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह गेले होते का, ते पाहा आणि ॲडॅप्टर फरशीवर मोकळा ठेवा. नागपूरच्या घरांतील दगडी किंवा टाइल्सची फरशी या कामी उत्तम आहे.

दुकानदाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्याने मोजले नाही, उघडले नाही, आणि तरीही विकण्याचा सल्ला दिला, त्याच्या निदानावर कर्ज काढू नये. बर्डीवर काय किंवा अन्यत्र काय, काम जाणणारी माणसेही आहेत; त्यांची ओळख अशी की ती तुमच्यासमोर लॅपटॉप उघडतात. साफसफाई करायची म्हणजे बाहेरून ब्लोअरने हवा मारणे नव्हे. पंखा आणि पात्यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर जमतो, आणि बाहेरून मारलेल्या हवेने तो सैल होण्याऐवजी काही वेळा आतच अधिक घट्ट बसतो. पंखा काढून तो थर हाताने काढावा लागतो. घरातील व्हॅक्यूम क्लीनर मात्र वापरू नका. त्यातून निर्माण होणाऱ्या स्थिर विजेने आतील भाग बिघडण्याचा धोका असतो. शहरात रस्त्यांची आणि बांधकामांची कामे सतत सुरू असल्याने आपल्याकडे धूळ बारीक आणि भरपूर आहे, म्हणून उन्हाळा सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षातून एकदा ही सफाई करून घेणे योग्य.

लॅपटॉप उघडलाच आहे तर पेस्टही बदलून घ्यावी. चिप आणि हीटसिंक (तिची उष्णता शोषणारा धातूचा भाग) यांच्यामधील हा लेप वारंवार तापून-थंडावून काही वर्षांत वाळतो किंवा कडेला सरकतो. येथे दोन बाबी आग्रहाने विचारा. पहिली, ग्राफिक्सच्या मेमरीवरील रबरासारखे पॅड बदलणार असाल तर जाडी मूळचीच ठेवणार ना? पॅड जाड झाले तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि दुरुस्तीनंतर तापमान वाढते, अशी उदाहरणे घडतात. दुसरी, ‘लिक्विड मेटल’ लावण्याचा आग्रह कोणी धरल्यास नम्रपणे नाही म्हणा. ते उष्णता उत्तम वाहून नेते, पण वीजही वाहून नेते आणि ॲल्युमिनियम पोखरते. एक थेंब चुकीच्या जागी गेला तर मदरबोर्ड खरोखरच जाईल. काही मॉडेलांत कंपनीच ते लावून देते, तेव्हा तुमच्या लॅपटॉपमध्ये ते आहे का हे आधी तपासून, तसे असल्यास अधिकृत सेवा केंद्रातच जावे. फेज-चेंज पॅड नावाचा प्रकार मिळाला तर तो घ्यावा. तो तापल्यावर मऊ होऊन नीट पसरतो आणि पेस्टसारखा लवकर सरकत नाही. वॉरंटी वाढवून घेतलेली असेल, तर उघडण्यापूर्वी तिच्या अटी लेखी विचारून घ्या.

हे सर्व होईपर्यंत आजपासूनच काही खर्च न करता जे करता येईल ते सेटिंगमध्ये आहे. चिपला शेवटचा थोडासा वेग गाठण्यासाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते, आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तो शेवटचा वेग सोडला तर काम थोडे मंदावते, पण उष्णता पुष्कळ कमी होते. गेमसाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे फ्रेमवर, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर काढल्या जाणाऱ्या चित्रांवर, मर्यादा घालणे. तुमचा पडदा १४४ हर्ट्‌झचा असला तरी निवांत खेळायच्या, कथाप्रधान गेमला ६० फ्रेम पुरतात. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे असल्यास एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ येथे ही मर्यादा घालता येते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केल्यास प्रोसेसरचा टर्बो (मूळ वेगाहून वरचा वाढीव वेग) बंद होतो आणि तापमान एकदम उतरते. मात्र काही प्रोसेसरांचा मूळ वेग फारच कमी असल्याने रेंडरला त्यामुळे बराच जास्त वेळ लागू शकतो. म्हणून ९९ टक्के गेमसाठी ठेवा; कामाच्या वेळी कंपनीच्या प्रोग्राममधील ‘परफॉर्मन्स’ऐवजी ‘बॅलन्स्ड’ निवडून पाहा. व्होल्टेज स्वतः कमी करण्याचा मार्ग, म्हणजे अंडरव्होल्टिंग, ग्राफिक्स कार्डासाठी बहुधा खुला असतो, पण डिसेंबर २०१९ मध्ये उघड झालेल्या एका सुरक्षा त्रुटीनंतर इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत प्रोसेसरसाठी तो कुलूपबंद केला गेला आहे. तो चालला नाही म्हणून हताश होऊ नका.

कूलिंग पॅडविषयी विचारले नाहीत, पण विचारणारे अनेक असतात. माझा अनुभव असा की त्यातील पंख्यांपेक्षा त्याने दिलेली उंची अधिक उपयोगी पडते. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली गेली की खालून हवा मोकळी मिळते, आणि हे दोन जाड पुस्तकांनीही साधते. गादीवर ठेवून खेळण्याची सवय असेल तर ती मात्र आजच सोडा.

आता कूलर. आपला वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर कोरड्या हवेत फार छान काम करतो. मे महिन्यात हवेतील आर्द्रता इतकी खाली असते की बाहेरची तप्त हवा ताट्यांतून येताना सहज दहा-बारा अंशांनी उतरते. म्हणून खोली कूलरने गार करावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आक्षेप आहे तो लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवण्याला. हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार आणि ताट्यांचे तंतू येतात, आणि बोअरचे पाणी वापरत असाल तर ताट्यांवर जो पांढरा क्षार साचतो, त्याचाच अंश लॅपटॉपच्या पात्यांवर आणि बोर्डावर बसू लागतो. टेबल हवेच्या झोताच्या बाजूला, पाच-सहा फुटांवर असावे आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे असावे. दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर निरुपयोगी होतो. पावसाळ्यात कूलर काम करणार नाही, पण तेव्हा खोलीच दहा अंशांनी गार असेल.

स्लॅबचाही इलाज आहे. गच्चीवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिल्यास खालची खोली जाणवण्याइतकी उतरते, आणि त्याचा लाभ घरातील सर्वांना मिळतो. वडिलांशी बोलताना विषय येथून सुरू केला तर बोलणे सोपे जाईल. तुमची मोठी रेंडर पहाटे चार ते आठ या वेळेत लावा, कारण स्लॅब तेव्हाच सर्वांत निवलेला असतो. नवतपा (मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत टेबल खालच्या मजल्यावर हलवता आले तर त्याहून उत्तम. गेमविषयीच्या वडिलांच्या मताबद्दल इतकेच, की चिपला गेम आणि रेंडर यांतील फरक कळत नाही. उलट रेंडर विश्रांती न देता तासन्‌तास चालते, म्हणून त्यात उष्णता बहुधा अधिक होते. चाचणीच्या वेळी दोन्हींचे वॅट लिहिलेत तर ही गोष्ट वाद न घालता त्यांना दाखवता येईल.

विकण्याबाबत माझे उत्तर ‘आता नको’ असे आहे. त्याच खोलीत, त्याच दुपारी नवा लॅपटॉपही १०० ला टेकेल, आणि तो अधिक पातळ असल्यास लवकर टेकेल. हप्ते मात्र नवे असतील. शिवाय तापलेल्या, बंद पडणाऱ्या लॅपटॉपला उन्हाळ्यात किंमतही कमी येते. गार खोलीतील चाचणी, सफाई आणि पेस्ट यानंतरही तो बंद पडत राहिला, तरच बदलण्याचा विचार करावा, आणि तेव्हा काम घरूनच करायचे असेल तर डेस्कटॉपचा पर्याय मनात ठेवावा. त्याचे पंखे मोठे, सुटे भाग बदलण्याजोगे आणि सफाई घरच्या घरी होण्यासारखी असते. पण तो वीज अधिक घेतो आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते, म्हणून त्याची जागा खालच्या मजल्यावर असली पाहिजे.

राहिला बॅटरीचा प्रश्न. प्रोसेसर १०० अंशांवर गेला म्हणून बॅटरीचा स्फोट होत नाही. दोन्ही वेगळ्या जागी असतात आणि बॅटरीचे तापमान त्याहून पुष्कळ कमी असते. पण उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज राहणे, ही दोन्ही मिळून लिथियम बॅटरीचे आयुष्य नक्कीच घटवतात. लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडलेला असतो, तेव्हा कंपनीच्या प्रोग्राममध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के किंवा त्याहून कमी ठेवण्याची सोय असते, ती सुरू करा. उन्हात उभ्या कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवू नका. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, त्यावर क्लिक होणे कठीण झाले, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तसे दिसल्यास चार्जर काढून लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबून किंवा टोचून पाहू नका, आणि बाकी सर्व चाचण्या बाजूला ठेवून आधी ती बॅटरी सेवा केंद्रातून बदलून घ्या.